धावपट्टीवर विमान घसरलं तेव्हा मी बांधावर उभा होतो

तापीकाठचा | मंगळवार, रात्री १०:२०

गावाचं आणि धावपट्टीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तपास सुरू आहे, विमानातली दोन्ही माणसं दवाखान्यात आहेत, त्यांच्या घरच्यांना आणखी त्रास नको. जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींना जागा ओळखता येईल, पण प्रतिसादात नाव घेऊ नका ही हात जोडून विनंती.

आमची केळीची बाग धावपट्टीच्या दक्षिणेला, अगदी कुंपणाला लागून. पट्टी पूर्व-पश्चिम, पलीकडे उत्तरेला हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड. मृगबाग आहे, घड कापणीला आलेले. आज दुपारपासून सातपुड्यावर ढग चढत होते. साडेचारच्या सुमारास मात्र नेहमीचा पश्चिमेचा वारा होता. खांबावरची ती नारिंगी पिशवी, विंडसॉक म्हणतात तिला, ती पट्टीच्या सरळ रेषेत ताणलेली मी स्वतः पाहिली. मी आणि आमचा सालदार बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्या गुंडाळत होतो.

पूर्वेकडून चार आसनी विमान उतरायला आलं. खाजगी आहे, मालक स्वतःच चालवतो, महिन्यातून एखाददोनदा दिसतं. आज येतानाच त्याचे पंख डुलत होते. चाकं टेकली ती जोरात, आणि विमान उसळून दोन माणूस वर गेलं. तेवढ्यात माझ्या तोंडावर गार वारा आदळला. धुळीने डोळे मिटले. उघडले तर उजवा पंख आभाळाकडे आणि डाव्या पंखाचं टोक डांबराला घासत चाललेलं. मग विमान आमच्या बाजूला वळलं, डांबर सोडून मुरमात आलं, पुढचं चाक चारीत अडकून मोडलं आणि विमान नाकावर बसलं. सगळं मिळून सात-आठ सेकंद. इंजिन थांबल्यावर जी शांतता झाली ती अजून कानात आहे.

आम्ही कुंपणाखालून घुसून धावलो. सालदाराच्या हातात पेटलेली बिडी होती, पहिलं ओरडलो ते त्याच्यावर. डाव्या पंखातून पेट्रोल गळत होतं, निळसर रंगाचं, मुरमावर ओला पट्टा उमटलेला. चालवणाऱ्याने स्विच स्वतःच बंद केले होते. कपाळातून रक्त येत होतं, हात थरथरत होते, आणि तो आम्हाला सांगत होता, "इंधन गळतंय, तुम्ही लांब व्हा." सोबत्याचा पट्टा निघत नव्हता. घड कापायचा विळा कमरेला होता, त्याने कापला. १०८ ची गाडी पंचवीस मिनिटांत आली.

रात्री आठच्या आत गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागला. कुंपणापलीकडून कोणीतरी काढलेला. खाली काय काय लिहिलंय ते इथे उतरवत नाही. सगळ्यांचा सूर एकच की विंडसॉक सरळ होता, वारा समोरून होता, म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. विमानातलं ज्यांना कळतं त्यांनी सांगा. वारा समोरून असताना विमान असं आडवं कसं जातं?

---

जामनेरकर | मंगळवार, रात्री १०:४८

भाऊ, आधी तुमचं आणि सालदारदादांचं कौतुक. बिडीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. विमानाचं पेट्रोल निळं का असतं?

---

खालची आळी | मंगळवार, रात्री ११:०५

मी बी तठेच व्हतू भाऊ, पलीकडना बाजूले. म्हशी बांधाले गयतू. वावधन उनं तवय आमना गोठाना पत्रा उडी गया. विमानकडे पाहाले भानच नही राह्यनं.

---

निवृत्त वैमानिक | मंगळवार, रात्री ११:३०

मी बरीच वर्षं छोटी विमानं चालवली आणि शिकवलीही. या अपघाताचं कारण मी सांगणार नाही, ते तपास करणारे सांगतील. पण छोटं विमान उतरताना वाऱ्याचं काय होतं ते सांगू शकतो.

आधी जामनेरकरांना उत्तर: पिस्टन इंजिनाच्या विमानात जे पेट्रोल सर्रास वापरतात, १००एलएल, त्यात ओळखू यावं म्हणून निळा रंग घालतात. चुकीचं इंधन भरलं जाऊ नये, एवढाच हेतू. ते पंखांतल्या टाक्यांमध्ये असतं, म्हणून पंख घासला की गळतं.

आता तापीकाठचा, तुम्हाला एक विचारतो. गार वारा 'तोंडावर' आला असं लिहिलंत. तुम्ही पट्टीकडे तोंड करून उभे होतात ना? म्हणजे तुमचं तोंड उत्तरेला. बागेतली केळी पडली का? पडली असतील तर कोणत्या बाजूला? उजाडल्यावर जाऊन बघा, आणि काहीही उचलण्याआधी फोटो काढा.

---

तापीकाठचा | बुधवार, सकाळी ७:१०

आत्ताच बागेतून आलो. ४३ खोडं आडवी झालीत, सगळी घड लागलेली. आणि सगळीच्या सगळी दक्षिणेला पडलीत, शेंडा दक्षिणेकडे, बुंधा उत्तरेकडे. दोन-चार थोडी आग्नेयेला कललेली.

हे पाहून मी तिथेच उभा राहिलो. आमच्याकडे उन्हाळी वादळात केळी पूर्वेला पडते, कारण वारा पश्चिमेचा. म्हणूनच वारा अडवायला शेवरीच्या झाडांची ओळ आम्ही पश्चिमेला आणि दक्षिणेला लावलीय. उत्तरेची बाजू उघडी आहे, पट्टीजवळ उंच झाडं चालत नाहीत. गेल्या वीस वर्षांत दक्षिणेला पडलेली बाग मी पाहिलेली नाही.

---

निवृत्त वैमानिक | बुधवार, सकाळी ९:४५

तुमच्या केळीने फार मोलाची गोष्ट सांगितली. विंडसॉक सरळ होता हे खरं असेल आणि वारा आडवा होता हेही खरं असेल. दोन्हींमध्ये एखाद्या मिनिटाचं अंतर पुरतं.

वळवाच्या ढगातून पाऊस पडायला लागला की त्याच्यासोबत थंड जड हवा खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूकडे पसरते. पावसाआधी जो गार वारा येतो, ज्याने आपण कपडे काढायला गच्चीवर धावतो, तोच हा. ढग सातपुड्यावर असला तरी हा वारा पंधरा-वीस किलोमीटर पुढे येऊ शकतो, वरती एक थेंब पडत नसताना. दिशा आणि जोर दोन्ही क्षणात बदलतात.

सेसना १७२ सारखं चार आसनी विमान धरा, कारण त्याचे आकडे मला पाठ आहेत. जास्तीत जास्त वजन ११५७ किलो, म्हणजे एखाद्या मोटारीएवढं, आणि पंखांचा पसारा ११ मीटर. उतरताना वेग ६० ते ७० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. हा वेग जमिनीच्या नाही, हवेच्या तुलनेत मोजलेला असतो. ६५ नॉटने येताय आणि त्यात समोरचा वारा १५ नॉटचा आहे. तो वारा अचानक बाजूला फिरला तर पंखांवरून जाणारी हवा एकदम पन्नासच्या आसपास येते. विमान हातातून सुटल्यासारखं खाली बसतं. चाकं जोरात आदळतात आणि विमान उसळतं. उसळलेलं विमान ना धड उडत असतं, ना धड जमिनीवर असतं. चाकांची पकड नाही आणि वेग कमी झाल्यामुळे सुकाणूंनाही जोर नाही. त्याच क्षणी उजवीकडून झोत आला तर उजवा पंख उचलला जातो आणि विमान डावीकडे वाहतं.

आडव्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला आम्ही एक तोंडी हिशेब शिकवतो. वारा पट्टीशी ३० अंशाचा कोन करत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो. ४५ अंशाला सत्तर टक्के. ६० अंशाला जवळजवळ नव्वद. म्हणजे ६० अंशातून २४ नॉटचा झोत आला तर आडवा वारा २१ नॉट. सेसना १७२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट आहे. ती कायद्याची मर्यादा नाही. चाचणी वैमानिकाने एवढ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. तरी शहाणा माणूस त्या आकड्याच्या पुढे जात नाही.

शेवटची एक गोष्ट, हँगर उत्तरेला आहे म्हणालात. उत्तरेचा वारा हँगरवरून उतरला की मागच्या बाजूला भोवरे होतात, आणि ते भोवरे बरोबर पट्टीवर.

---

तापीकाठचा | बुधवार, सकाळी १०:२०

हे शेवटचं आम्हाला पक्कं माहीत आहे. शेवरी फार दाट लावली तर मागे वारा गिरक्या घेतो आणि ओळीपासून थोड्या अंतरावरची केळी आधी पडते. म्हणून शेवरी विरळ ठेवायची, वारा गाळून येऊ द्यायचा. भिंत घातली की घात होतो. विमानालाही तेच लागू पडत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

साक्रीकर | बुधवार, दुपारी १:१५

मी साक्री तालुक्यात पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. ब्राह्मणवेलच्या माळावर रोज वाऱ्याशीच गाठ असते, म्हणून थोडं भर घालतो.

लोक 'वारा १२ होता' म्हणतात तेव्हा तो सरासरी आकडा असतो. विमानतळाच्या हवामान अहवालात दहा मिनिटांची सरासरी देतात, आणि झोताचा आकडा वेगळा लिहितात तो सरासरीपेक्षा बराच जास्त असेल तर. झोत म्हणजे साधारण तीन सेकंदांचा. त्या तीन सेकंदांत काय होतं ते सरासरीत दिसतच नाही. आमच्या यंत्रांना तीन सेकंद सोसतात, पाती फिरवून घ्यायला स्वयंचलित व्यवस्था आहे आणि वारा सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की यंत्र थांबतं. विमानातला माणूस थांबू शकत नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हेही लक्षात घ्या. वारा दुप्पट तर दाब चौपट. १२ चा २४ झाला म्हणजे 'थोडा वाढला' असं होत नाही.

आणि विंडसॉक. तो १५ नॉटला पूर्ण ताठ होतो. त्यापुढे १८ असो की ३०, पिशवी तशीच ताठ दिसते. व्हिडिओत ताठ पिशवी पाहून जोर किती होता ते कोणालाच सांगता येणार नाही.

---

बांधावरचा | बुधवार, दुपारी ३:००

हे सगळं ठीक. पण मला वेगळं विचारायचंय. तापीकाठच्या भाऊंची बाग दहा-वीस मीटरवर होती. विमान आणखी थोडं पुढे गेलं असतं तर? बागेत मजूर असतात, बायाबापड्या असतात. ढग चढलेले दिसत असताना उतरायला यायचंच कशाला? हौस करणाऱ्याने ती आमच्या जिवावर करू नये. मी रागाने लिहितोय, पण खोटं लिहीत नाही.

---

तापीकाठचा | बुधवार, सायंकाळी ६:३०

तुमचा राग मला समजतो. काल रात्री घरात हेच बोलणं झालं. एरवी आमच्याकडे त्या कोपऱ्यात चार बाया कमळ, म्हणजे केळफूल, तोडायला असतात. काल बाजारामुळे नव्हत्या. हे आठवलं की पोटात गोळा येतो.

तरीही तो माणूस बेफिकीर होता असं मला म्हणवत नाही. 'तुम्ही लांब व्हा' हे त्याने स्वतःच्या पट्ट्याला हात घालण्याआधी सांगितलं.

---

धुळ्याची ताई | बुधवार, रात्री ९:१०

माझी मुलगी विमान चालवायला शिकते आहे, म्हणून हा धागा दोनदा वाचला. तिचे वडील एस.टी.त चालक होते. घाटात धुकं असलं तर गाडी बाजूला लावायचे, प्रवाशांची बोलणी खायचे, पण लावायचेच. विमान बाजूला लावता येत नाही हे मला या धाग्यामुळे नीट कळलं आणि झोप उडाली.

निवृत्त वैमानिक दादा, तुम्ही शिकवलं आहे म्हणालात. अशा वेळी मुलांनी काय करायचं असतं?

तो व्हिडिओ आमच्या धुळ्याच्या ग्रुपवरही आला. मी पुढे पाठवला नाही. त्या माणसाचीही आई असेल, तिच्या फोनवर आज काय काय येत असेल.

---

निवृत्त वैमानिक | बुधवार, रात्री ११:५०

ताई, विमानही बाजूला लावता येतं. वर नेऊन. त्याला गो-अराउंड म्हणतात, म्हणजे उतरणं सोडून द्यायचं, पूर्ण ताकद लावायची, नाक जपून वर घ्यायचं, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, एकेक टप्प्याने आवरायचे, आणि पुन्हा चक्कर मारायची. किंवा दुसरीकडे जायचं. खानदेशातून जळगाव, धुळे जवळ आहेत, इंधन असेल तर ओझर आहे, छत्रपती संभाजीनगर आहे.

यात सगळ्यात अवघड असतं ते ठरवणं. पट्टी समोर दिसत असते, खाली कोणीतरी गाडी घेऊन न्यायला आलेलं असतं, शेजारी पाहुणा बसलेला असतो. 'एवढं आलंय तर टेकवूनच टाकू' असं मन म्हणतं. उसळी बसल्यावर तर माणूस घाबरून नाक खाली दाबतो, ते सगळ्यात वाईट. मग नाजूक पुढचं चाक आधी आदळतं, पुन्हा उसळी, आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. जूनचा पहिला आठवडा होता, पाच वाजता असाच झोत आला. मी तीन वेळा वर उठलो. तिसऱ्यांदा उठताना शेजारी बसलेला विद्यार्थी माझ्याकडे बघत होता, मास्तरांना उतरवता येत नाही की काय अशा नजरेने. मी दुसऱ्या पट्टीवर गेलो, तिथे वारा समोरून होता. रात्री टॅक्सीने घरी आलो, पैसे खिशातले गेले. तो विद्यार्थी पुढे मोठ्या विमानांवर गेला. त्याचा फोन येतो तेव्हा तो त्या तीन चकरांचीच आठवण काढतो.

मुलीला एवढं विचारा: झोतात वेग किती वाढवतेस? आम्ही सांगतो, सरासरी आणि झोत यांच्या फरकाच्या निम्मा. सरासरी १४, झोत २४, तर फरक १०, म्हणून ५ नॉट वाढव. भीतीपोटी १५ वाढवले तर विमान टेकायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं. वेग दहा टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा २१ टक्के वाढते. तिने हे उत्तर दिलं तर निश्चिंत झोपा. आणि तिला सांगा की वर उठून परत आलेल्या दिवशी तू घरी फोन कर, मला ऐकायचंय. आमच्या वेळी असं कोणी विचारलं नाही.

---

धुळ्याची ताई | गुरुवार, सकाळी ६:४०

विचारलं. तिने बरोबर 'निम्मा' सांगितला. मग म्हणाली, आई, तुला हे कुठून कळलं?

---

चोपडेकर | गुरुवार, सकाळी ८:३०

गर्दीबद्दल लिहायचं होतं. जुलै २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याला, शिकाऊ विमान कोसळलं होतं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. रस्ता नव्हता, पावसाळा होता, आणि तिथल्या आदिवासी माणसांनी कापडाची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं. आमच्या भागात आजही त्याबद्दल आदराने बोलतात.

तापीकाठच्या भाऊंनी केलं तेच करायचं असतं. विडी-काडी विझवा, वारा जिकडून येतोय त्या बाजूने जा, इंजिनाच्या पंख्याला (प्रोपेलरला) हात लावू नका, माणसाला काढा, १०८ आणि ११२ ला फोन करा. माणसं निघाल्यावर मात्र तुकड्याला हात लावायचा नाही. आठवण म्हणून पत्रा घरी नेणारे महाभाग असतात, त्याने तपासाचा दुवा जातो.

---

जामनेरकर | गुरुवार, सकाळी ११:००

सहमत. भाऊ, एक कामाचं सांगतो. फळपीक विम्यात केळीला वेगाच्या वाऱ्याचं संरक्षण असतं. नुकसान ७२ तासांच्या आत कळवा, मंगळवारी संध्याकाळी पडलीत म्हणजे शुक्रवार संध्याकाळ. पंचनाम्याआधी खोडं हलवू नका.

---

तापीकाठचा | शनिवार, रात्री ९:००

तीन दिवस लिहायला जमलं नाही. जे झालं ते क्रमाने सांगतो.

बुधवारी संध्याकाळीच विम्याला कळवलं होतं, गुरुवारी पंचनामा झाला. त्याच दिवशी व्यापारी आला. पडलेले घड अजून हिरवे आहेत, आज उचलले तर निम्म्या भावात जातील, उद्या कोणी घेणार नाही, म्हणाला. सालदार सारखा विचारत होता, "आबा, उचलू का?" मी नको म्हणालो. निवृत्त वैमानिक दादांचं ते वाक्य डोक्यात होतं, काहीही उचलण्याआधी. फोटो होते, पण फोटोत दिशा कोण मानणार?

तपासाची माणसं आज सकाळी आली. आपल्या देशात २०१२ पासून विमान अपघातांच्या तपासासाठी वेगळा ब्यूरो आहे, त्यांची. मी जरा दबकतच बोलायला सुरुवात केली. त्यातले वयस्कर साहेब म्हणाले, "आम्ही दोष कोणाचा ते ठरवायला आलेलो नाही, असं पुन्हा होऊ नये म्हणून आलोय. तुम्ही पाहिलं तेवढंच सांगा." मी पाहिलं तेवढंच सांगितलं. वारा तोंडावर आला होता, हे दोनदा सांगितलं.

मग त्यांना बागेत नेलं. ४३ खोडं होती तशीच पडलेली, घड काळे पडायला लागलेले, माशा घोंगावत होत्या. साहेब काही न बोलता खाली बसले. एका खोडाच्या रेषेत होकायंत्र धरलं, आकडा लिहिला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बरोबरचा मुलगा दोरी धरत होता. अकरा खोडं मोजली. उठताना गुडघ्याची माती झटकत त्यांनी विचारलं, "ही उचलली का नाहीत?" मी म्हणालो, कोणीतरी विचारायला येईल असं वाटलं. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि वहीत आणखी काहीतरी लिहिलं.

व्हिडिओ काढणाऱ्या पोराला मी बोलावून घेतलं होतं. मूळ फाइल त्याने त्यांना दिली, आणि ग्रुपवरून स्वतःच काढून टाकतो म्हणाला. बाकीच्यांकडे आहेच, पण त्याने काढला.

दवाखान्यातून कळलं की चालवणारा सोमवारी घरी जाईल. सोबत्याच्या मणक्याला मार आहे, पण पाय हलवतोय.

बांधावरच्या भाऊंनी विचारलेलं साहेबांना मी विचारलं, ढग दिसत असताना तो आला कशाला. ते म्हणाले, हाच आमचाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तो स्वतः देईल. अहवाल यायला वेळ लागतो. आला की इथे लिहीन.

त्यांची गाडी फाट्यावरून वळली तेव्हा दुपारचे दोन झाले होते. सालदार विळा घेऊन बांधावर बसलेला होता. मी मान हलवली, आणि आम्ही पहिलं खोड तोडायला घेतलं.